चेंडू कपाटात ठेवा

पार्किन्सन्सचं निदान झालं की आठवड्याभरात घरात एक चेंडू येतो. स्पंजचा, रबराचा, नाहीतर हसरा चेहरा काढलेला पिवळाधमक. मुलगा ऑफिसातून येताना घेऊन येतो, सून ऑनलाइन मागवते, किंवा शेजारचे काका स्वतःच्या घरातला जुना आणून देतात, कारण त्यांच्या भावाला अर्धांगवायू झाला होता तेव्हा त्याच चेंडूने हात हलायला लागला होता. मग ते गृहस्थ टीव्हीसमोर बसून सकाळ-संध्याकाळ चेंडू दाबतात. काहीतरी चाललंय म्हणून घरच्यांना बरं वाटतं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे आले की पिशवीतून तो चेंडू काढून टेबलावर ठेवतात. "बाई, रोज शंभर वेळा दाबतो, पण शर्टाचं बटण काही लागत नाही."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पेशंटच्या लेखी आम्ही सगळे 'फिजिओ'च, आणि त्याला माझी हरकत नाही. फरक विचारलाच कुणी तर सांगते, की फिजिओ माणसाला उभं करतात, चालवतात. मी विचारते, आता उभे राहिलात तर करणार काय? हे काम आपल्याकडे सुरू झालं मुंबईत, केईएम रुग्णालयात. कमलाताई निंबकर मूळच्या अमेरिकन, लग्न होऊन निंबकरांच्या घरात आलेल्या. त्यांनी १९५० मध्ये तिथे या विषयाची शाळा काढली, आशियातली पहिली. त्या परंपरेत शिकलेल्यांना एक खोड असते. पेशंटचा हात बघायच्या आधी तो हात आजवर काय काय करत आला, ते विचारायचं. बटण लावायचा, साडी नेसायचा, पोळ्या लाटायचा, चेकवर सही करायचा, पत्ते पिसायचा. चेंडू दाबायचा उद्योग यांतल्या कुणीच आयुष्यात केलेला नसतो.

चेंडूमागचा हिशोब असा, की हात चालत नाही म्हणजे हातातली ताकद गेली. लकव्यात ते बऱ्याच अंशी खरं. पार्किन्सन्समध्ये ते जवळजवळ खोटं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांच्या आधारावर, त्यातली काही तर त्यांनी रस्त्यात चालताना पाहिलेली. त्यांनाही वाटलं होतं की स्नायूंचं बळ कमी होतं. पुढे काही दशकांनी पॅरिसच्या शार्को यांनी पेशंट नीट तपासले आणि सांगितलं, बळ शाबूत आहे, हालचाल मंद झाली आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजाराला पार्किन्सनचं नावही त्यांनीच दिलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये निकालात निघालेली ही समजूत आपल्याकडे औषधांच्या दुकानात अजून चेंडूच्या रूपाने विकली जाते.

ताकद अजिबात कमी होत नाही असं मी म्हणत नाही. हात वापरला गेला नाही की कुणाचाही अशक्त होतो, आणि दंडाचे, खांद्याचे वजन उचलायचे व्यायाम मी स्वतः सांगते. माझं भांडण आहे ते दाबण्याशी. पार्किन्सन्सचा हात मुळातच मिटायच्या बाजूला झुकलेला असतो. कोपर वाकतं, मनगट खाली येतं, बोटं तळव्याकडे वळतात, चालताना तो हात अंगाला चिकटून राहतो. मिटू पाहणाऱ्या हाताला दिवसातून शंभर वेळा मिटायची तालीम कशाला? त्याला शिकवायचं असतं उघडायला.

कुठे बिघडलंय ते बघायला एक साधी तपासणी आहे, न्यूरॉलॉजिस्टही तीच करतात. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायची, जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, पुन्हा टेकवायची. दहा वेळा, मोठं आणि भरभर. पहिल्या दोन-तीन वेळा बोटं चांगली लांब जातात. चौथ्या-पाचव्याला अंतर घटतं. सातव्या-आठव्याला बोटं जेमतेम सुटतात, ट्रान्झिस्टरचे सेल उतरत जावेत तशी. मग मी विचारते, "कसं झालं?" उत्तर ठरलेलं. "झालं की. व्यवस्थित झालं." ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच वाटत असतं की दहाही वेळा सारखंच झालं. म्हणून मी मोबाइलवर चित्रण करून लगेच दाखवते. शांतपणे बघतात. काही जण तर "हा माझाच हात का?" म्हणून बांगडी किंवा घड्याळ तपासतात.

मेंदूच्या खोल भागात डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. आपण विचार न करता ज्या हालचाली करतो, म्हणजे चालताना हात हलवणं, ढवळणं, लिहिणं, त्यांचं माप हा भाग ठरवत असतो. माप ठरवणाराच आखडता हात घेऊ लागला की हालचाली लहान होत जातात, आणि ज्याच्या त्या हालचाली, त्याला ते कळत नाही. पण जाणूनबुजून, लक्ष देऊन केलेली हालचाल मेंदूच्या दुसऱ्या वाटेने जाते. ती वाट बरीचशी शाबूत असते. हाताचे जे काही व्यायाम मी घेते, ते सगळे या एका फटीतून आत शिरण्याचे प्रकार आहेत.

अमेरिकेत १९८७ मध्ये लोरेन रॅमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या आवाजासाठी एक पद्धत बसवली. ली सिल्व्हरमन नावाच्या पेशंट बाईंचं नाव तिला दिलं. पद्धतीचा गाभा एवढाच, की आपण ओरडतोय असं वाटेल इतक्या मोठ्याने बोला, तेव्हा कुठे समोरच्याला नीट ऐकू येतं. पुढे तेच तत्त्व हातापायांना लावलं गेलं. आपण फार हातवारे करतोय, नाटकी दिसतोय असं वाटेल इतका हात मोठा उघडा, म्हणजे तो चारचौघांसारखा उघडेल. हे सदाशिव पेठेतल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकांना पटवणं हे स्वतंत्र काम आहे. "एवढे हातवारे आमच्या घराण्यात कुणी केले नाहीत," असं मला ऐकवण्यात आलेलं आहे.

आमचा वर्ग भरतो एका सोसायटीच्या हॉलमध्ये. खुर्च्या गोल मांडायच्या, कारण शेजारच्याचा हात दिसला की स्वतःचा आपोआप मोठा होतो. सुरुवात पंजाने. दोन्ही हात पुढे, बोटं ताठ, पाचही बोटं पाच दिशांना, आणि उघडल्यावर तिथेच थांबायचं. मिटायची घाई नाही. मोजायचं मोठ्याने, सगळ्यांनी, कारण मोजण्याचा ठेका बाहेरून मिळाला की हाताला तो धरता येतो. मग मांडीवर तळवे उताणे-पालथे, प्रत्येक वेळी पुरते वळवून. मग अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, आणि दोन टेकवण्यांच्या मध्ये हात पूर्ण उघडायचा. ही मधली उघडी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे सगळ्यात आधी ती खातात. मी ओरडत राहते, "मधलं खाऊ नका!" नंतर नमस्कार. तळवे जुळवलेले तसेच ठेवून कोपरं वर करायची, म्हणजे मनगटाच्या आतली बाजू ताणली जाते.

आणि मग टिचक्या. अंगठ्याखाली बोट दाबून धरायचं आणि ताडकन सोडायचं, आधी एकेक बोट, मग चारही. टिचकीत बोट फाकतं, सरळ होतं, आणि एका झटक्यात होतं. पार्किन्सन्समध्ये नेमक्या ह्याच तीन गोष्टी हरवतात. परदेशात याचे कार्यक्रम आखलेले आहेत, पण आपल्याकडे घराघरात कॅरम बोर्ड माळ्यावर पडलेला असतो. तो खाली काढा, पावडर टाका. स्ट्रायकर मारणं म्हणजे नेम धरून मारलेली टिचकी. आमच्याकडे एक काका आहेत, ते बटण लावायला वीस मिनिटं घेतात आणि राणी मात्र पहिल्या फटक्यात घालतात. त्यांना मी सांगितलं, बटण लावायच्या आधी दहा टिचक्या मारा, जणू सोंगट्या मारताय, आणि लगेच बटणाला हात घाला. वेळ निम्म्यावर आला. बटणं खालून वर लावत यायचं, खुर्चीत बसून, कोपर टेकवून, हेही त्यात होतंच, पण श्रेय ते कॅरमलाच देतात. देऊ देत.

वर्गातल्या एका काकूंची गोष्ट जरा सावकाश सांगते. आयुष्यभर पाचवारी नेसलेल्या, आणि आता घरच्यांनी गाऊनवर आणून ठेवलेल्या. का, तर साडी नेसायला तास लागतो आणि नेसली तरी पोटाशी बोंगा राहतो. मी म्हटलं, साडी घेऊन या, नेसून दाखवा. आतल्या खोलीत त्यांनी सुरुवात केली. पहिला वेढा ठीक. पदर ठीक. मग निऱ्या. अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर कापड धरायचं, मनगट वळवून दुमडायचं, पुन्हा वीत ताणायची. पहिली निरी चांगली वीतभर झाली. दुसरी थोडी कमी. चौथी चार बोटांची. सहावी दोन बोटांची, आणि अजून कितीतरी कापड खाली पडलेलंच. तर्जनी-अंगठ्याच्या तपासणीत जे होतं तेच माझ्यासमोर सुती कापडावर झालं. काकू त्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "हल्ली साड्या लांबच यायला लागल्यात हो."

त्यांच्या मुलीला मी एक काम दिलं. साडीच्या वरच्या काठावर, निऱ्या जिथे येतात तिथे, वीतवीतभर अंतरावर लाल दोऱ्याचे टाके घालायचे. बाहेरून दिसत नाहीत, खोचले की आत जातात. आता वीत किती हे हाताने ठरवायची गरज उरली नाही. डोळ्याने टाका बघायचा आणि बोट तिथपर्यंत न्यायचं. निऱ्या सारख्या पडल्या, त्याच दिवशी, काही सराव न करता. जादू वाटावी अशी गोष्ट, पण यात जादू काही नाही. बाहेर खूण असली की हाताला माप सापडतं. फरशीवर पट्ट्या आखल्या की अडखळणारी पावलं लांब पडतात, त्यामागचं कारणही हेच. ठिपक्यांची रांगोळीसुद्धा याच न्यायाने जमते आणि मुक्तहस्त रांगोळी आक्रसत जाते. काकू आता रोज साडी नेसत नाहीत. सणावाराला, बाहेर जायचं असलं की नेसतात. निऱ्यांचा सराव मात्र रोज करतात, जुन्या साडीवर, प्रत्येक निरीआधी पंजा एकदा पुरता उघडून.

थरथरीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, कारण ती दिसते. सगळ्यांना ती असतेच असं नाही, आणि असली तरी बहुतेकदा कामात तिचा अडथळा सगळ्यात कमी असतो. हात मांडीवर स्वस्थ असताना ती सुरू होते, सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा बोटांवर फिरत राहतो. गोळी वळल्यासारखी, असं वैद्यकाच्या पुस्तकात लिहितात. आमच्या बायका म्हणतात, वाती वळल्यासारखी. म्हणून मी एकदा खरोखरच कापूस आणला. गंमत अशी, की कापूस हातात घेतला की बऱ्याच जणींचा हात थांबतो. रिकामा असताना वाती वळणारा हात खऱ्या वाती वळताना शांत असतो. वात संपवून हात मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. माणूस अवघडला, घाबरला, की थरथर वाढते. लग्नाच्या रांगेत, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असताना, कुणी "हात का हलतोय?" विचारलं तर हमखास. व्यायामाने थरथर जाईल का, या प्रश्नाला मी सरळ "नाही" म्हणते. त्यावर औषध आहे, डॉक्टर आहेत. माझ्या व्यायामाने बटण लागेल, वात वळली जाईल, सही बँकेत चालेल.

सहीवरून आठवलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. ज्यांच्या सहीने कालव्यांची बिलं पास व्हायची, त्यांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत आला. काउंटरवरच्या मुलीने सहजपणे सुचवलं, "आजोबा, अंगठा देऊन टाका ना." काका माझ्याकडे आले ते तिथूनच, रिक्षा करून, लालबुंद होऊन. कागद पुढे केला तर सहीचं पहिलं अक्षर ठीक आणि आडनाव मुंगीएवढं. मी त्यांना दुरेघी वही आणायला सांगितली, पहिलीतल्या मुलांना असते ती. दुकानदाराने विचारलं, नातू कितवीत आहे? यांनी सांगितलं, मीच पहिलीत आहे.

दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं म्हटलं की ते लहान होऊच शकत नाही, खालची रेघ बोलावते. काही दिवसांनी एकरेघी, मग कोरा कागद, पण मनात दोन रेघा धरून. लिहिताना मनगट नाही, खांद्यापासून हात हलवायचा. जाड पेन, म्हणजे बोटं आवळावी लागत नाहीत. प्रत्येक शब्दानंतर थांबायचं, पेन खाली ठेवायचं, पंजा उघडायचा, पुढचा शब्द. इथे आपली देवनागरी उपयोगी पडते असं मला दिसतं. जे लोक शाळेत शिकवल्याप्रमाणे शब्द संपला की वर शिरोरेषा देतात, त्यांचं अक्षर उशिरा आक्रसतं, कारण प्रत्येक शब्दाशेवटी हात उचलून मागे न्यावाच लागतो. भराभर लिहायची सवय असलेले, शिरोरेषा गाळणारे, तिसऱ्या ओळीतच बारीक होतात. काकांनी शिरोरेषेसकट सही बसवली. मग त्यांना म्हटलं, आता बँकेत जाऊन नमुना सही बदलून या, ही नवी द्या. आणि जाल ते गोळीचा अंमल असताना जा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतानाही बोटाचा ठसा यंत्रावर टेकत नाही म्हणून रांगेत लोक ताटकळतात. आता चेहरा दाखवूनही तो देता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून वर्गात दर दिवाळीनंतर मी ते सांगते.

गोळीचा अंमल हा आमच्या सगळ्या वेळापत्रकाचा पाया. लेव्होडोपाची गोळी घेतली की साधारण अर्ध्या-पाऊण तासाने हात मोकळा होतो आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा जडावतो. आजार जुना होतो तशी ही भरती-ओहोटी ठळक होते. पेशंट म्हणतात, "आत्ता ऑन आहे," "आत्ता ऑफ आहे." पूर्वी बाहेरून कुणी व्यायाम शिकवून गेलेलं असतं ते सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी. त्या वेळी रात्रभर औषध न मिळालेला हात लाकडासारखा असतो. व्यायाम जमत नाही, माणूस खचतो, आणि सोडून देतो. नवीन हालचाल शिकायची ती ऑनमध्ये. ऑफमध्ये फक्त हलकं ताणणं, कोमट पाण्यात हात बुडवणं. जेवण आणि गोळी यांत अंतर ठेवायचं, कारण डाळी-दुधातली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात. किती अंतर ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं.

आणि खाजकुहिलीची पावडर कुणी ना कुणी आणून दिलेली असतेच. ती थोतांड नाही. तिच्या बियांमध्ये खरोखर लेव्होडोपा असतं, दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढून दाखवलं होतं. पण म्हणूनच ती गोळीच्या जोडीला चमचाभर आपल्या मनाने घ्यायची नसते. डॉक्टर मापून एक देतात, आणि घरात दुसऱ्या डब्यातून तेच बिनमापाचं पोटात जातं. मग हात नको तेवढे हलायला लागतात आणि दोष व्यायामाला मिळतो.

चहाबद्दल थोडंसं. कपबशीतली बशी आधी सोडा. खडखडाट बशीचा होतो आणि घरातल्या सगळ्यांच्या माना त्या बाजूला वळतात, मग थरथर आणखी वाढते. मोठ्या कानाचा मग, अर्धा भरलेला, दोन्ही कोपरं टेबलावर. चहा पिताना बोलू नका, बातम्या बंद. पार्किन्सन्समध्ये एका वेळी दोन गोष्टी जमत नाहीत, आणि आपल्याकडे चहा म्हणजे मुळात गप्पाच. हे पथ्य पाळायला सगळ्यात अवघड जातं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. शुभंकरांशी माझं रोजचं भांडण असतं, प्रेमाचंच. ते मदत फार लवकर करतात. नवरा बटणाशी झटत असतो, बायको दोन मिनिटं बघते आणि "आणा इकडे" म्हणून लावून टाकते. तिची बाजू मला कळते. खाली रिक्षा उभी आहे, लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा आहे, आणि दिवसभराची शंभर कामं तिच्याच अंगावर आहेत. तिला मी म्हणते, ज्या दिवशी कुठे जायचं नाही त्या दिवशी लावू द्या. घाईच्या दिवशी खुशाल तुम्ही लावा, नाहीतर शर्टाला आतून वेल्क्रो लावून घ्या, वर बटणं नुसती शिवलेली. शिंपी दहा मिनिटांत करून देतो, कुणाला कळत नाही. मदत करायची असेल तर बटणाला हात लावू नका, तोंडाने सांगा. "मोठं उघडा." "थांबा." "आता घाला." पण पन्नास वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याला "मोठं उघडा, थांबा" सांगायचं आणि त्याने ऐकायचं, हेही काही सोपं नसतं. एका काकांनी मला विचारलं, "तुमचाच आवाज रेकॉर्ड करून देता का?" दिला.

आजार फार पुढे गेला की व्यायामाचा अर्थच बदलतो. बोटं मुळाशी वाकतात, पुढे ताठ राहतात, किंवा अंगठा आत घेऊन मूठ घट्ट बसते. तिथे मग शुभंकराचे हात काम करतात. मूठ बोटांच्या टोकांकडून उपसायची नसते, दुखतं आणि ती आणखी आवळते. मनगट आधी हळूच खाली वाकवायचं, म्हणजे बोटं थोडी सैल पडतात, मग अंगठा त्याच्या मुळापासून बाहेर घ्यायचा. तळवा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं कापायची, आणि मऊ पंच्याची सुरळी हातात द्यायची. या कामाला मी रोजची पंधरा मिनिटं मागते. अशा घरात चेंडू असेल तर तो मी स्वतः उचलून कपाटात ठेवते, कारण मुठीत चेंडू दिला की मूठ उघडी राहते असा लोकांचा समज असतो, आणि होतं बरोबर उलटं. चेंडू मऊ लागला की हात तो धरून आवळतच राहतो.

सध्या आमच्या वर्गात एक वाद चालू आहे. शेवटचा अर्धा तास पत्त्यांचा. पिसणं, वाटणं, एकेक पान बोटांनी सुटं करणं, टेबलावर हात लांब नेऊन पान टाकणं, यात सगळे व्यायाम येतात आणि कुणाला व्यायाम करतोय असं वाटत नाही. बदाम सात व्यवस्थित चालायचं. मग मंडळींना रमी हवी झाली, आणि तेरा पानांचा पंखा हातात धरताना पानं सटकायला लागली, समोरच्याला दिसायला लागली. एका काकांच्या मुलाने सुताराकडून लाकडी पट्ट्या करून आणल्या, मध्ये खाच पाडलेल्या, पानं त्यात उभी राहतात. त्यावरून दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, पट्टी वापरली तर हाताला व्यायाम कसला? दुसऱ्या बाजूचं, पानं दिसत असतील तर खेळ कसला? पाटबंधारेवाले काका पहिल्या तटाचे पुढारी आहेत, आणि ते हरत असले की त्यांचा मुद्दा जास्त जोरात येतो.

निकाल माझ्यावर सोडला आहे. माझं मत पट्टीच्या बाजूने आहे. पानं धरून बसणं म्हणजे मूठ आवळून बसणं, पुन्हा चेंडूच. त्यात हाताचं काही भलं होत नाही, आणि खेळातली मजा गेली तर पुढच्या आठवड्यात चार जण यायचे बंद होतील. तेव्हा पानं पट्टीत. पिसायची आणि वाटायची मात्र ज्याची पाळी त्यानेच, दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही, आणि टाकलेलं पान टेबलाच्या मध्यापर्यंत पोचलं नाही तर उचलून पुन्हा टाकायचं. हा शेवटचा नियम काकांनी सुचवला. गेल्या वेळी तो सगळ्यांत आधी त्यांनाच लागला.